साठी, बुद्धी नाठी? आमच्या खळ्यात येऊन बघा

मालवणकडच्या वाड्यावाड्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातले दोघे माझ्याच काठीच्या वर्गाला येणारे. थोडक्यात तो असा : 'साठी बुद्धी नाठी, हे पूर्वज उगाच म्हणाले नाहीत. मेंदू एकदा झिजला की झिजला. म्हातारपणी लाठीकाठी, कराटे, ताय-ची शिकणे म्हणजे हाडे मोडून घेणे. कोकणी माणसाने जन्मभर घाट्या चढल्यात, त्याला वेगळा व्यायाम कशाला? डोक्याला रोज एक शब्दकोडे पुरे.'

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सकाळी साठीपुढच्यांना काठी शिकवते. म्हणून उत्तर द्यायलाच हवे.

'झिजला की झिजला' हे आधी घेते. २०११ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. ५५ ते ८० वयाची १२० माणसे. एक गट आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे भरभर चालला, दुसऱ्याने अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवण्यात मोठा वाटा असलेला मेंदूचा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. दुसऱ्या गटाचा तोच भाग सुमारे १.४ टक्क्यांनी आकसला होता. साठी उलटलेल्या माणसाला 'आता संपले' असे सांगणे चूक आहे, आणि क्रूरही आहे.

आता हाडे. इथे मला जरा थांबून बोलायचे आहे, कारण माझी आई पावसात विहिरीच्या वाटेवर शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. तोपर्यंत तिला अख्ख्या आवाठातल्या, म्हणजे वाडीतल्या, नातवंडांची नावे पाठ होती. अंथरुणाला खिळली आणि काही महिन्यांत माझे नाव चुकायला लागली. वयस्कर माणसाला अंथरूण लागले की अंग आणि डोके दोन्ही मंदावतात, हे मी घरात पाहिले आहे. त्यामुळे पडू नये म्हणून काय करायचे, हा माझ्यासाठी पहिला प्रश्न.

त्याचे उत्तर 'हलू नका' हे नव्हे. ओरेगॉनमध्ये सत्तरीपुढच्या, पडण्याचा धोका असलेल्या ६७० जणांवर अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ताय-ची करणाऱ्यांचे पडणे, नुसते अंग ताणणाऱ्यांच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी भरले. ताय-ची ही मुळात चिनी युद्धकला. तिच्यात सगळा भार सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा असतो. शेवाळावर पाय सरकतो तेव्हा शरीराला नेमके हेच करावे लागते. माझ्या वर्गात पहिले दोन महिने काठी फिरतच नाही, फक्त पायांची ठेवण. समोरासमोर वार घेण्याचा खेळ मी साठीपुढच्या कुणालाच देत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्चीत बसवून मांड्यांपासून सुरुवात करते, कारण मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. एवढी काळजी घेतली की हाडे मोडण्याची भीती बरीच कमी होते.

घाट्या चढल्याचे म्हणाल, तर खरेच चढल्या. पण आता दारापर्यंत रिक्षा येते, विहिरीवर पंप आहे, पोरे मुंबईला, आणि दुपार पडवीत मोबाइलवर जाते. चाळिशीत केलेल्या चढणीवर सत्तरीचे पाय चालत नाहीत. शिवाय नारळ सोलणे हाताला इतके सवयीचे झालेले असते की त्यात लक्ष घालावे लागत नाही. काठीत उजवा हात एक करतो, डावा दुसरे, पावलांचा क्रम तिसराच, आणि समोरच्याकडे नजर ठेवायची. डोके जागे राहते ते इथे.

शब्दकोडे सोडवा, माझा विरोध नाही. पण 'पुरे' म्हणू नका. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणे यांच्याबरोबर स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. शारीरिक हालचालींपैकी मात्र एकट्या नाचाचा तसा संबंध दिसला. हा संबंध म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. तरी मला चतुर्थीतल्या आमच्या फुगड्या आठवतात : गाणे लक्षात ठेवायचे, ठेका धरायचा, समोरचीच्या हाताचा जोर ओळखायचा. कोडे एकट्याने सुटते, फुगडीला दुसरी लागतेच.

काठीने स्मृतिभ्रंश टळतो असे मी कुणालाही सांगत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ धोक्याची कारणे मांडली. ती दूर केली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. यादीत व्यायामाचा अभाव आहे, तसाच रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा आणि कमी ऐकू येणेही आहे. म्हणून कानाला कमी ऐकू येणाऱ्यांना मी आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवते. विसरणे अचानक वाढले असेल तर वर्ग राहू द्या, तपासणी करा.

शेजारची ७२ वर्षांची काकी पहिल्या दिवशी खळ्याच्या कडेला बसून म्हणाली होती, "माका ह्या वयात काय जमतला गो?" काल तिने आठ पावलांचा क्रम मोठ्याने मोजत सरळ केला, मग उलटा. सहाव्या पावलावर चुकली, थांबली, आणि मी काही बोलायच्या आत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.