‘सगळं हिरवं आलं, म्हणजे हार्डवेअर ठणठणीत’ : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

कॉम्प्युटर मध्येच हँग होतो, आपोआप रीस्टार्ट होतो, अशी तक्रार कुणी केली की एक ठरलेला मजकूर फॉरवर्ड होऊन येतो. गोषवारा असा : ‘मशीन उघडायची गरज नाही. एक डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर टाका, दहा मिनिटांत सगळं हार्डवेअर तपासून होतं. सगळं हिरवं आलं तर दोष विंडोजचा, फॉरमॅट मारा. लाल आलं तर तो पार्ट बदला. सेन्सर खोटं बोलत नाहीत. वापरलेला माल घेतानाही हाच रिपोर्ट मागा. अगदी खात्री हवी असेल तर रात्रभर स्ट्रेस टेस्ट (मशीनवर मुद्दाम पूर्ण ताण टाकणारी चाचणी) लावून झोपा.’

ही सॉफ्टवेअरं निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण त्यांच्या निकालाचं वजन या मजकुराने चुकीच्या पारड्यात टाकलंय. टेस्टमध्ये एरर आली तर कुठेतरी काहीतरी बिघडलंय हे पक्कं. एरर नाही आली, तर एवढंच कळतं की तेवढ्या वेळात, त्या पद्धतीने शोधून ती सापडली नाही. मजकूर मात्र सगळ्यात जास्त विसंबतो तो या दुसऱ्याच निकालावर.

‘दहा मिनिटांत सगळं तपासून होतं’

रॅमपासून सुरुवात करू. विंडोज चालू असताना त्याच्या आत चालणारं कुठलंही सॉफ्टवेअर सगळी रॅम तपासू शकत नाही, कारण त्यातला मोठा भाग विंडोज आणि ते सॉफ्टवेअर स्वतःच अडवून बसलेलं असतं. म्हणून तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून बूट करून चालवतात, आणि विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिकही आधी मशीन रीस्टार्ट करतं. मेमटेस्टची एक पूर्ण फेरी व्हायलाच, रॅम जास्त असेल तर, तासाच्या वर वेळ जातो. अधूनमधून डोकं वर काढणारा दोष पहिल्या फेरीत निसटून तिसऱ्या फेरीत सापडणं यात नवल काही नाही.

प्रोसेसरचं तर विचारूच नका. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियममधला भागाकाराचा प्रसिद्ध दोष उघड झाला तो कुठल्या डायग्नोस्टिकमुळे नाही. थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि उत्तरं जुळेनात, म्हणून. २०२१ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी त्यांच्या डेटा सेंटरमधल्या एका प्रोसेसरची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा एकच कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा भाग) बिघडलेला होता आणि तोही काही ठरावीक आकड्यांपुरता. १.१ चा ५३ वा घात काढून पूर्णांक घ्यायचा, उत्तर १५६ यायला हवं. तो कोअर शून्य द्यायचा. ५२ वा घात मात्र अचूक! या चुकीमुळे फाइलचा आकार शून्य समजला जायचा आणि फाइली गायब व्हायच्या. ना क्रॅश, ना एरर मेसेज. तुमच्या घरच्या मशीनमध्ये असं असण्याची शक्यता फारच कमी आहे हे खरं, पण ‘सगळं तपासून होतं’ हे तीन शब्दही जपून वापरावेत इतपत धडा त्यात आहे.

‘हिरवं म्हणजे दोष नाही, फॉरमॅट मारा’

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते बहुतेक वेळा हार्ड डिस्कच्या बाबतीत. डिस्कसमोर दिसणारं ‘गुड’ किंवा ‘पास्ड’ हा टेस्टचा निकाल नसतोच. डिस्क स्वतःबद्दलच्या काही नोंदी ठेवत असते, त्यांना ‘स्मार्ट’ म्हणतात. या नोंदींपैकी एखादी उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली की निकाल बदलतो, आणि ती मर्यादा बऱ्याचदा इतकी सैल असते की डिस्क रडतखडत चालू असतानाही ‘पास्ड’ झळकत राहतं.

गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर, बिघाडाशी ज्यांचा सगळ्यात घट्ट संबंध दिसला अशा चारही नोंदी कोऱ्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त डिस्क या चार खुणांपैकी एकही न दाखवता गेल्या. आणि गंमत बघा, त्याच अभ्यासात असंही दिसलं की स्कॅनमध्ये पहिली एरर आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, एरर नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. एरर आली तर धावपळ करा. नाही आली म्हणून निर्धास्त राहू नका. दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासातून निघतात.

मग काय बघायचं? रंग सोडा, कच्चे आकडे बघा. नोंद क्रमांक ५ म्हणजे खराब झालेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) किती वेळा राखीव जागेत हलवले, १९७ म्हणजे किती सेक्टर सध्या संशयित आहेत, १९८ म्हणजे किती वाचताच आले नाहीत. इथे शून्याच्या वर काही दिसलं आणि आठवड्याभरात ते वाढलं, तर ‘पास्ड’ला काही अर्थ उरत नाही. उलट सीगेटच्या डिस्कवर ‘रॉ रीड एरर रेट’समोर कोट्यवधींचा आकडा पाहून लोक घाबरतात. त्या आकड्यात एकूण किती वेळा वाचलं हेही गुंफलेलं असतं, त्यामुळे तो मोठा असणं साहजिकच आहे. डिस्कची खरी तपासणी हवी असेल तर एक्स्टेंडेड सेल्फ-टेस्ट लावावी लागते. ती पूर्ण पृष्ठभाग वाचते आणि मोठ्या डिस्कवर कित्येक तास घेते.

फॉरमॅटबद्दल एकच सांगतो. रॅम खराब असेल तर तिच्यातूनच नवीन विंडोजच्या फाइली डिस्कवर उतरतात. नवं कोरं इन्स्टॉलेशन पहिल्या दिवशीच बिघडलेलं, आणि पुन्हा ‘विंडोजच वाईट’ असं म्हणायला आपण मोकळे.

‘लाल आलं तर तो पार्ट बदला’

डिस्कची नोंद १९९ वाढत असेल तर सॉफ्टवेअर डिस्ककडे बोट दाखवतं. पण ही नोंद डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाहतुकीतल्या चुकांची आहे. बहुतेक वेळा गुन्हेगार त्या दोघांना जोडणारी साटा केबल किंवा तिचं ढिलं टोक असतं. केबल बदला, आकडा टिपून ठेवा. तो कमी होणार नाही, कारण ही नोंद मागे जात नाही. वाढायचा थांबला की काम झालं.

रॅमचंही तसंच. मेमटेस्टमध्ये लाल ओळी आल्या म्हणजे रॅमची स्टिकच गेली असं नाही. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, चालू आहे का ते आधी बघा. डीडीआर४ प्रकारच्या रॅमचा प्रमाणित वेग ३२०० पर्यंत आहे; ३६०० लिहिलेली स्टिक त्या वेगाने चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, प्रमाणापेक्षा जास्त वेगाने पळवणं. एक्सएमपी बंद करून टेस्ट पुन्हा लावा. तरीही एरर आल्या तर एकच स्टिक ठेवून बघा, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक, स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. ही काढघाल कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करत नाही. ‘मशीन उघडायची गरज नाही’ हे वाक्य नेमकं इथे कोसळतं.

‘सेन्सर खोटं बोलत नाहीत’

बोलतात की! एखाद्या तापमानासमोर कायम १२७ अंश दिसत असेल तर बहुधा मदरबोर्डवरच्या चिपच्या त्या पायाला सेन्सर जोडलेलाच नाही. व्होल्टेजचे आकडे तर आणखी बेभरवशाचे. चिप ते थेट मोजत नाही, कमी करून मोजते, आणि सॉफ्टवेअर त्याला एका गुणकाने गुणतं. त्या मदरबोर्डचा गुणक सॉफ्टवेअरला माहीत नसेल तर १२ व्होल्टच्या जागी आठ दिसतात. मशीनला खरोखर आठच मिळत असते तर ते सुरूच झालं नसतं.

आणि आकडा बरोबर असला तरी एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) निकाल त्यावरून लागत नाही. एटीएक्स या एसएमपीएसच्या प्रमाणाच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टची लाइन ठरलेल्या मर्यादेत हवी, पण तिच्यावरची रिपल, म्हणजे व्होल्टेजची बारीक थरथर, १२० मिलिव्होल्टच्या आतही हवी. ही थरथर सेकंदात हजारो वेळा होते; सेकंदाला एकदा आकडा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ती दिसणं शक्य नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे झटपट बदल दाखवणारं उपकरण) लागतो, नाहीतर चांगल्या स्थितीतला दुसरा एसएमपीएस लावून बघणं.

‘वापरलेला माल घेताना रिपोर्ट मागा’

मागा, पण रिपोर्टमध्ये येते ती त्या वस्तूने स्वतःची करून दिलेली ओळख, हे ध्यानात ठेवून. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या हजारो तास वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. फसवणाऱ्यांनी ‘स्मार्ट’मधले वापराचे तास पुसून टाकले होते. ‘स्मार्ट’ नोंदी दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सगळं निळंशार (तिथे ‘गुड’चा रंग निळा असतो). भांडं फुटलं ते ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदीतून, जी पुसायची राहून गेली होती. ग्राफिक कार्डाचा बायॉस बदलून जुन्या चिपला नव्याचं नाव देण्याचा धंदा तर बराच जुना आहे. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर अशी काही बनावट कार्डं ओळखून तसा इशारा देतं, सगळी नाही. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डाची क्षमता खरी आहे का, हे एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने ते काठोकाठ भरून आणि परत वाचूनच कळतं. नुसतं ‘प्रॉपर्टीज’ उघडून नाही.

‘रात्रभर स्ट्रेस टेस्ट लावून झोपा’

प्रोसेसर आणि कूलिंगसाठी ठीक आहे. प्राइम९५ या सॉफ्टवेअरची टॉर्चर टेस्ट काही तास टिकली तर ती माहिती उपयोगाचीच आहे, फक्त पहिला अर्धा तास तापमानावर नजर ठेवा. पण डिस्क संशयित असेल आणि बॅकअप नसेल, तर हा सल्ला घातक आहे. मरायला टेकलेल्या डिस्कवर पूर्ण सरफेस स्कॅन किंवा विंडोजच्या ‘चेकडिस्क’ (chkdsk) कमांडची दुरुस्ती लावणं म्हणजे तिचे उरलेले श्वास तपासणीतच खर्ची घालणं. डेटाला पर्याय नसेल आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर काहीच न चालवता ती बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. आवाज नसेल तर आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा. कॉपीही अडत असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करता थेट लिनक्स चालतं) डीडीरेस्क्यू चालवा. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतं. प्रत हातात आल्यावर मग हव्या तितक्या टेस्ट लावा.