हळद आणि 'कॅन्सरचं जीन': माझ्याच फॉरवर्डबद्दल खुलासा

परवा मीच ग्रुपवर टाकलेला मेसेज, "एनएफ-कप्पा-बी हे कॅन्सरचं जीन आहे, रोज हळदीचं पाणी प्यायलं की ते कायमचं बंद होतं", चुकीचा आहे, आणि आता तो फिरून फिरून माझ्याकडेच परत आलाय म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे ते जीन नाहीच, जीन्स चालू करणारं प्रोटीन आहे, ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं. एरवी ते पेशीच्या केंद्रकाबाहेर दुसऱ्या एका प्रोटीनला बांधलेलं पडून असतं, जंतू आले की ते बंधन तुटतं, हे आत शिरून डीएनएला चिकटतं आणि टीएनएफ, आयएल-६ वगैरे सूज आणणारी जीन्स चालू करतं. गंमत म्हणजे स्वतःला परत बांधणारं प्रोटीनही तेच बनवायला लावतं! बऱ्याच कॅन्सरमध्ये ते चालूच राहतं, मग सूज हटत नाही आणि ज्या पेशी मरायला हव्या त्या तगून राहतात. पण पूर्ण बंद केलं तर इन्फेक्शनशी लढणार कोण?

हळदीतलं कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बीला रोखतं हे लॅबमधल्या पेशींवर दिसलंय, खरंय, पण प्यायल्यावर रक्तात फारच थोडं पोचतं, आणि हळदीने माणसाचा कॅन्सर बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. केमो चालू असेल तर हळदीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. भाजीत घाला की, त्याला कोण नाही म्हणतंय.

तो जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा. चूक माझी, सॉरी.