'नाइट वॉच' कुणी नाकारलं नव्हतं

चित्रकलेच्या ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६४२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नागरी पथकाचं (शहराची राखण करणाऱ्या हत्यारबंद नागरिकांचं) 'नाइट वॉच' हे चित्र काढलं, रात्रीच्या अंधारात चेहरे हरवले, नुसता गोंधळ दिसला. पथकातले लोक भडकले, चित्र नाकारलं, पैसे बुडवले, रागाने कापलंसुद्धा. तिथून कामं बंद होऊन रेम्ब्रांट कंगाल झाला. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने हा मजकूर पाठवून विचारलं, "सर, मग ऑर्डरची कामं घ्यायचीच नाहीत का?" तिच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

आधी पैशांचं. १६५६ मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं. पुढे त्याच्या मुलाच्या, टायटसच्या, वारसाहक्काचा वाद चालला, तेव्हा बापाची पूर्वीची ऐपत किती होती हे ठरवायला साक्षी घेतल्या गेल्या. त्यात चित्रातलेच दोघे जण होते. एकाने सांगितलं, प्रत्येकाने सरासरी १०० गिल्डर (तिथलं तेव्हाचं नाणं) दिले, चित्रातल्या जागेप्रमाणे कुणी जास्त, कुणी कमी. दुसऱ्याने एकूण आकडा १६०० सांगितला. म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा त्याच्या पडत्या काळातल्या कागदांतच आहे, आणि तो देणाऱ्यांच्याच तोंडचा आहे.

नाकारल्याचं म्हणाल, तर चित्र ज्या सभागृहासाठी काढलं तिथेच १७१५ पर्यंत टांगलेलं होतं. पथकाचा कॅप्टन फ्रान्स बानिंग कॉक याने त्याची जलरंगातली प्रत आपल्या घरच्या अल्बमसाठी करवून घेतली. नावडलेल्या चित्राची प्रत कोण जपून ठेवतं? कुरकुरीला थोडासा आधार आहे, तो लपवत नाही. रेम्ब्रांटचा शिष्य होखस्ट्राटेन याने १६७८ मध्ये लिहिलं की यात प्रकाश आणखी हवा होता. पण तोच म्हणतो की याच्या शेजारी बाकीची चित्रं पत्त्यांसारखी सपाट वाटतात. मजकुरात हे दुसरं वाक्य कधीच नसतं.

रात्र तर चित्रात नाहीच. हे नाव फार नंतर, वार्निश काळवंडल्यावर चिकटलं. मोठी छपाई मिळाली तर लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटाकडे नीट बघा. कॅप्टनच्या पुढे केलेल्या हाताची सावली त्यावर पडली आहे, बोटं वेगळी ओळखू येण्याइतकी स्वच्छ. ते डावीकडून, वरून येणारं ऊन आहे.

गोंधळही नाही. लाल कपड्यांतला माणूस बंदुकीत दारू भरतोय. लेफ्टनंटच्या मागे एक जण बार काढतोय, आणि त्याच्यामागचा म्हातारा उरलेली रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू, फुंकून टाकतोय. भरणं, उडवणं, साफ करणं: बंदुकीच्या कवायतीचे टप्पे. याकोब दे गाइन याने १६०७ मध्ये हेगला छापलेल्या सचित्र कवायत-पुस्तकात अशी एकेक कृती वेगळ्या पानावर, एकेकट्या माणसाची आहे. रेम्ब्रांटने ती पानं जणू एका गर्दीत सोडून दिली. मला या चित्रात सगळ्यात जास्त हेच आवडतं.

कामं बंद झाली म्हणणाऱ्यांनी १६४६ बघावं: राज्यप्रमुख फ्रेडरिक हेन्ड्रिकने दोन चित्रांचे २४०० गिल्डर दिले. १६६२ मध्ये कापड तपासणाऱ्या पंचांचं समूहचित्रही त्यालाच मिळालं. दिवाळ्यामागे मोठं कारण घराचं कर्ज. १३,००० गिल्डरचं ते घर त्याने १६३९ मध्येच, म्हणजे हे चित्र पुरं होण्याआधी, घेतलं होतं.

चित्र कापलं हे मात्र खरं. १७१५ मध्ये ते नगरभवनात हलवलं, ठरलेल्या भिंतीवर मावेना, म्हणून चारही बाजूंनी छाटलं. डावीकडून सर्वात जास्त, सुमारे ६० सेंटीमीटर. त्यात दोन माणसं गेली. ती आज दिसतात ती लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने छाटणीआधी केलेल्या छोट्या नकलेत. मूळ पट्ट्या अजून सापडलेल्या नाहीत.