‘पैसा ओता, ट्रॉफी न्या’ हा हिशेब कुठे चुकतो

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल (म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळतात तो) एक दावा सध्या सर्रास फिरतोय. बूस्टर, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या संघासाठी थैली मोकळी सोडणारे धनाढ्य माजी विद्यार्थी आणि उद्योगपती, ज्याच्याकडे जास्त श्रीमंत, तोच जिंकतो. प्रशासन काय, चेकवर सही करतं. २०२१ मध्ये खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली आणि सगळं बिघडलं. लहान संघांचं आता काही खरं नाही. चारही गोष्टी ऐकायला पटतात. नोंदी उघडल्या की पंचाईत होते.

‘ज्याचा पैसा जास्त, तो जिंकतो.’

टेक्सास ए अँड एम घ्या. आपल्याकडची कितीतरी मुलं मास्टर्ससाठी तिथे जातात, त्यामुळे लाखावर प्रेक्षक मावणारं काइल फील्ड पुष्कळांनी निदान फोटोत पाहिलेलं असतं. तेलाचा पैसा, निष्ठावान माजी विद्यार्थी, कशाचीच ददात नाही. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी जिम्बो फिशर यांना दहा वर्षांसाठी ७.५ कोटी डॉलरवर कोच म्हणून आणलं. चान्सलर जॉन शार्प यांनी त्यांना राष्ट्रीय विजेतेपदाची एक पाटीच भेट दिली. वर्षाचे शेवटचे आकडे तेवढे कोरे ठेवले होते, जिंकले की भरायचे. २०२१ मध्ये करार वाढवून ९ कोटींच्या पुढे नेला. २०२२ मध्ये शाळकरी खेळाडूंमधली देशातली अव्वल मानली गेलेली फळी त्यांच्याकडे आली, आणि त्याच सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलेशियन स्टेटसारख्या लहान संघाने काइल फील्डवर येऊन १७-१४ ने धूळ चारली. मोसम संपला ५-७ वर, म्हणजे पाच विजय, सात पराभव. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशरना घरी पाठवलं, तेव्हा त्यांचं ७.५ कोटींहून जास्त देणं उरलं होतं. करार पूर्ण हमीचा, मग दुसरं काय होणार? ए अँड एमचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९३९ चं आहे.

मान्य, कफल्लक संघ विजेता होत नाही. ओहायो स्टेटने २०२४ च्या संघावर सुमारे २ कोटी डॉलर लावल्याचं त्यांचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, रॉस ब्योर्क यांनीच सांगितलं, आणि तो संघ जिंकला. पण मधला भाग वगळू नका. ३० नोव्हेंबरला हाच महागडा संघ चाचपडणाऱ्या मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० ने हरला. कोच रायन डे यांना हाकला, अशी ओरड झाली. ब्योर्क जाहीरपणे कोचच्या पाठीशी उभे राहिले. २० जानेवारी २०२५ ला त्याच कोचने नोत्र दामला ३४-२३ ने हरवून विजेतेपद आणलं. गंमत पुढेच आहे: ए अँड एममध्ये फिशरचा करार वाढला तेव्हा आणि त्यांना काढलं तेव्हाही अ‍ॅथलेटिक डायरेक्टर हेच ब्योर्क होते. पैसा दोन्हीकडे मुबलक होता. एकीकडे घाईने वर्षं वाढवून दिली, दुसरीकडे घाई टाळली.

‘प्रशासन फक्त सही करतं.’

ऑबर्न विद्यापीठ, नोव्हेंबर २००३. अलाबामाविरुद्धचा वर्षातला सर्वांत मोठा सामना दोन दिवसांवर आला होता. अध्यक्ष विल्यम वॉकर, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आणि दोन विश्वस्त खासगी विमानाने गुपचूप उडाले. कशासाठी? लुईव्हिलचे कोच बॉबी पेत्रिनो यांना भेटायला. आपला कोच टॉमी ट्यूबरव्हिल अजून नोकरीत आहे, त्याला पत्ता नाही! ऑबर्नने अलाबामाला हरवलं, भेटीचं बिंग फुटलं, आणि जानेवारीत नोकरी गेली ती वॉकर यांची. पुढच्या मोसमात ट्यूबरव्हिलचा संघ १३-०. श्रीमंत विश्वस्तांची मर्जी सांभाळणाऱ्यांना कोच काढणं जमलं असतं, तर हा मोसम झालाच नसता. नाकापेक्षा मोती जड झाला की असंच होतं.

याच्या उलट कॅन्सस स्टेट. १९८९ मध्ये बिल स्नायडर तिथे पहिला मोसम खेळवत होते, तेव्हा संघाने १९८६ पासून एकही सामना जिंकलेला नव्हता. पैशाचं नाव नको. पहिलं वर्ष १-१०, पुढे ५-६, मग ७-४, पुन्हा ५-६. आजच्या बूस्टरने चौथ्या वर्षी गाशा गुंडाळायला लावला असता. अध्यक्ष जॉन वेफल्ड यांनी तसं काही केलं नाही. पाचव्या वर्षी नऊ विजय आले, आणि १९९८ मध्ये नियमित मोसमात ११-०. चार वर्षं कोचच्या खुर्चीला हात न लावणं हीसुद्धा गुंतवणूकच. फक्त तिची पावती कुणी फाडत नाही, आणि स्टेडियमवर नावही लागत नाही.

‘हे सगळं २०२१ नंतरचं.’

डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला विचारा. बूस्टर खेळाडूंना टेबलाखालून पैसे देत होते म्हणून त्यांचा १९८७ चा अख्खा मोसमच रद्द केला गेला. पैसे चालू ठेवायला संमती दिल्याचं कबूल करणारे बिल क्लेमेंट्स तेव्हा टेक्ससचे गव्हर्नर होते, त्याआधी विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख. बदललं ते इतकंच की पाकीट टेबलावर आलं. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंत पैसे वाटू शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा २.०५ कोटी डॉलर होती. म्हणजे कुणाला किती, हे ठरवण्यात प्रशासनाचं वजन वाढलंच.

‘लहानांना आता वाव नाही.’

इंडियाना गरीब नाही, पण फुटबॉलमध्ये त्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. २०२३ पर्यंत एकाही मोसमात दहा विजय नाहीत, त्या वर्षी ३-९. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर स्कॉट डॉल्सन यांनी जुन्या कोचला दीड कोटीहून जास्त डॉलर मोजून मोकळं केलं आणि कुठल्या बड्या नावामागे न धावता जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे कर्ट सिग्नेटी आणले. डझनभर खेळाडूही तिथूनच त्यांच्यामागे आले. २०२४ मध्ये ११-२. आठ वर्षांचा ७.२ कोटींचा करार सिग्नेटींना मिळाला तो ओळीने दहा सामने जिंकल्यावर, आधी नव्हे. जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी मायामीला २७-२१ ने हरवलं आणि १६-० असा मोसम संपवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. पुढच्या वेळी कुणी ‘ज्याचा पैसा जास्त, तो जिंकतो’ हा दावा पुढे केला, तर फिशर आणि सिग्नेटी यांच्या करारांच्या तारखा त्यांच्या विजयांशेजारी मांडून बघायला सांगा.