म्हणे पॅसेंजर परवडत नाही!

लांब पल्ल्याच्या पॅसेंजर गाड्या परवडत नाहीत, हे पालुपद ऐकलं की डोकंच फिरतं. दादर-रत्नागिरी पॅसेंजर कोविडमध्ये बंद पडली आणि परत आली ती ठाण्याजवळच्या दिव्यापर्यंतच. म्हणजे फणस, तांदळाचं पोतं आणि म्हातारी आई घेऊन आलेल्या माणसाने दिव्याला उतरून लोकलच्या गर्दीत घुसायचं. २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-गोवा वंदे भारत मात्र दादरला झोकात थांबते. तिच्याशी वैर नाही हो! पण ती खेडहून निघते ती थेट रत्नागिरीला. मग मधल्या अंजनी, कामथे, आरवली, उक्षी, भोकेवाल्यांनी काय रुळांवरून चालत जायचं?

पॅसेंजरमध्ये एकच जागा रत्नागिरीपर्यंत एकामागून एक तीन-चार जणांना पुरते. कुणी माणगावला उतरतो, कुणी चिपळूणला. तो हिशोब कोण मांडणार? आधी गाडी तोडायची, एकेरी मार्गावर क्रॉसिंगला बाजूला टाकून ठेवायची, एक्स्प्रेस पुढे काढायच्या आणि मग विचारायचं, प्रवासी कुठे गेले? एसटीच्या दांडीला लोंबकळतायत, साहेब!