दहा रुपयाची पेंडी

"दहा रुपयाच्या पेंडीसाठी घर डोक्यावर घेतलंस होय?"

गुरुवारी रात्री माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून हे ऐकावं लागलं. तेव्हापासून डोकं जे तापलंय ते अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

झालं असं. रविवारी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिरोळ तालुक्यातल्या गावाकडून मेथीच्या सहा पेंड्या पाठवल्या. जवारी मेथी, बारीक पानाची. सोमवारी पहाटे मला ऑफिसच्या कामासाठी पुण्याला जायचं होतं. जाताना तोंडानं सांगितलं, वर फ्रीजवर चिठ्ठी लावली. मेथी आधी करा. पिशवीतून काढून कापडात गुंडाळून ठेवा. दही आजच संपवा. आमटी आहे, गरम करून घ्या. कोबी अर्धा चिरलेला आहे. घरात नवरा, दीर, कॉलेजला जाणारा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना पाच मिनिटं उभं राहवत नाही, त्यांना मी यात धरतच नाही. बाकीचे तिघं धडधाकट आहेत.

गुरुवारी रात्री नऊला आले आणि फ्रीजचा खालचा कप्पा ओढला. पिशवीची गाठ मी मारलेली तशीच. आत काळपट हिरवं पाणी साचलेलं. वरची पानं पिवळी, आतली एकमेकांना चिकटून शेवाळासारखी बुळबुळीत झालेली. पेंडी उचलायला गेले तर देठ हातात आले आणि पाला खाली राहिला. सुतळी तेवढी धड होती. अण्णा सुतळीला दोन वेढे देऊन खाली खोचतात, ते वेढे तसेच होते. ते बघून पोटात तुटलं. वरच्या कप्प्यात दह्यावर बुरशी, आमटी फसफसलेली, कोबीच्या कडा काळ्या. आणि कचऱ्याच्या बादलीत काय? बिर्याणीचे रिकामे डबे. तीन दिवस बाहेरून मागवून खाल्लं, आणि घरातलं अन्न घरात सडलं.

विचारलं तर तिघांचं एकच उत्तर. "ध्यानातच नाही आलं."

नाही. हे मी ऐकून घेणार नाही. ध्यानात न यायला ती काय कपाटामागे पडली होती? तीन दिवसांत पाण्याच्या बाटलीसाठी तो फ्रीज किती वेळा उघडला असेल? चिठ्ठी दारावर, नाकासमोर होती. क्रिकेटची मॅच किती वाजता आहे ते ध्यानात राहतं, गाडीचं सर्व्हिसिंग ध्यानात राहतं, दोन वर्षांपूर्वी कुणी किती आहेर केला तेही ध्यानात राहतं. फक्त फ्रीजमधली भाजी राहत नाही.

आणि खरं सांगू? तीही राहते. महाग असली की राहते. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला होता, तेव्हा आमच्या घरात एक टोमॅटो सडला नाही. एक! नवरा स्वतः बोटानं दाबून बघायचा, "हा मऊ झालाय, आज आमटीत घाल." तेव्हा कसं ध्यानात यायचं? 2019 च्या ऑगस्टात महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, गाड्या अडकल्या, कोल्हापुरात भाजी येईना, दूध येईना. घरात एक कोबी होता. तो आम्ही तीन दिवस पुरवला, आतल्या दांड्यासकट. हाच मुलगा, तेव्हा लहान होता, निमूटपणे कालची भाकरी चहात बुडवून खायचा. कुणी "शिळं आहे" म्हणालं नाही. म्हणजे डोकं शाबूत आहे सगळ्यांचं. स्वस्त झालं की मात्र ते चालत नाही.

म्हणून "दहा रुपयाची पेंडी" हे शब्द मला इतके झोंबले. ती दहा रुपयाला मिळते कारण पिकवणाऱ्याच्या हातात त्यातलेही दहा पडत नाहीत. मेथी पेरल्यावर काढणीला पंचवीस-तीस दिवस लागतात. त्या महिनाभरात पाणी, भांगलण, मावा पडला तर फवारणी. काढायची ती पहाटे, पाला टवटवीत असताना, वाकून वाकून. मग चिखल झटकायचा, पेंड्या बांधायच्या, गाडीत भरायच्या आणि सौद्याला न्यायच्या. तिथं शेकड्यावर बोली लागते. गाडीभाडं, हमाली जाऊन पेंडीमागं दोन-तीन रुपये अण्णांच्या हातात पडलेले मी डोळ्यांनी बघितलेत. ज्या दिवशी माल जास्त येतो त्या दिवशी तेही नाही. असली भाजी आपण स्वस्तात घ्यायची, आणि स्वस्त म्हणून सडवायची? पैसे दिले म्हणून ती फेकायचा हक्क मिळाला असं वाटतं का कुणाला?

शुक्रवारी सकाळी अण्णांचा फोन. "मेथी कशी होती गं? कवळी होती की." मी म्हणाले, "लई चांगली होती अण्णा, सगळ्यांनी खाल्ली." सत्तरीच्या माणसाशी मी खोटं बोलले, आणि ते बोलायला मला कुणी लावलं हे या घरात कुणाला कळतसुद्धा नाही.

आता बाजाराचं ऐका. रविवारी लक्ष्मीपुरीचा आठवडी बाजार. नवरा पिशव्या घेऊन जातो, आणि संध्याकाळी उशिरा जातो, कारण त्या वेळी वाटे स्वस्त होतात. वीसला तीन पेंड्या म्हटलं की हा तीन घेणार. ढबूचा वाटा दहाला म्हणून ढबू घेणार, गेल्या आठवड्याचे चार ढबू घरात सुरकुतत पडलेले असले तरी. निघताना कप्पा उघडून बघणं नाही, मला विचारणं नाही. आणि परत आला की पिशवी ओट्यावर ठेवून "बघ किती स्वस्तात आणलं" म्हणून टीव्हीसमोर बसला. त्याचं काम संपलं. माझं तिथून सुरू होतं.

ते काम काय असतं ते एकदा नीट लिहितेच, कारण कुणी विचारत नाही. पालेभाजीची सुतळी सोडायची, पिवळी आणि किडकी पानं काढायची. धुवायची नाही, ओली असेल तर पंख्याखाली पसरून कोरडी करायची, मग सुती कापडात नाहीतर कागदात गुंडाळून ठेवायची. ओला पाला गाठ मारलेल्या प्लास्टिकमध्ये कोंडला की तो सडणारच. कोथिंबीर निवडून डब्यात, तळाला कागद. कांदे आणि बटाटे एका बुट्टीत ठेवायचे नाहीत, बटाट्याला लवकर कोंब येतात. केळी आणि पिकलेले टोमॅटो पालेभाजीजवळ ठेवायचे नाहीत, पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारचा पाला पिवळा पडतो. आधीचं पुढं, नवीन मागं. एवढं करायला दीड तास जातो. रविवारची रात्र माझी त्यात जाते, आणि सोमवारी सातला डबे. यात काही विज्ञान-बिज्ञान अवघड नाही, बारावी झालेल्या मुलाला दोन दिवसांत येईल. पण "मला निवडता येत नाही" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. सहा पेंड्या तशाच राहण्याचं खरं कारण तेच आहे. मेथी निवडायला बसावं लागतं, आणि बिर्याणी मोबाइलवर येते.

दुसरा शब्द, ज्यानं माझं डोकं फिरतं, तो म्हणजे शिळं. रात्रीची भाजी सकाळी ताटात वाढली की पोरगा नाक मुरडतो. "कालचंच?" अरे, कालचं म्हणजे काय विष? चपातीचा कुस्करा, फोडणीचा भात, भाकरी चुरून ताकातला काला, उरलेल्या डाळीचं थालीपीठ, दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या वाटून आमटीत, नासलेलं दूध फाडून त्याचं पनीर. यावर आपली दोन पिढ्यांपूर्वीची माणसं वाढली. आणि मी आंबलेलं खा म्हणत नाही. भाताचं तर मीच कडक सांगते की तो शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणू वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करून जात नाही. पण जेवून उठताना पातेलं उचलून आत ठेवायचं कुणी? मी पाठ टेकली की पातेलं ओट्यावर तसंच. सकाळी मग "भाताला वास येतोय, टाकून दे." आधी स्वतःच वाया घालवायचं, आणि मग वर टाकून द्यायला सांगायचं.

तारखेचंही तेच. दिरानं गेल्या महिन्यात दोन किलो रवा घंटागाडीत टाकला. का, तर पाकिटावरची 'बेस्ट बिफोर' तारीख चार दिवसांपूर्वी गेली होती. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोवर चव आणि दर्जा उत्तम, त्यानंतर वास बघा, पोरकिडे बघा, चाळा, भाजा आणि वापरा. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' लिहिलेलं असेल तर मात्र वापरायचं नाही. दोन्ही वेगळी आहेत, आणि पाकिटावर कुठलं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचायचे कष्ट नकोत, फेकणं सोपं.

सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन पेठेत आल्या तेव्हा दारात म्हैस होती. भाजीची देठं, साली, उरलेली भाकरी, सगळं तिच्या आंबोणात जायचं. घरातून वाया असं काही बाहेर पडायचंच नाही. आता दारात म्हैस नाही, तर जास्त जपायला नको का? आता ते कुठं जातं ठाऊक आहे? कसबा बावड्याला लाईन बाजारात कचऱ्याचा जो डोंगर आहे ना, तसल्या ढिगात. हवा न लागता दबून कुजतं, आणि त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. त्या ढिगाच्या शेजारी राहणाऱ्यांनी आमच्या घरातल्या मेथीचा वास का घ्यायचा?

आणि आमच्या घरात चर्चा कशावर होते? लग्नातल्या पंगतीत किती अन्न वाया गेलं यावर. हॉटेलात लोक ताटात किती टाकतात यावर. नवरा बातमी मोठ्यानं वाचून दाखवतो आणि हळहळतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल आहे. 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं 60 टक्के कुठून? घरांतून! हॉटेल आणि खानावळींचा वाटा 28 टक्के, दुकानांचा 12. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलो. त्यात साली, बिया, हाडंही धरलीत, हे मान्य. तरी आमच्या पाच माणसांच्या घराला हे 275 किलो होतात. पावणेतीन क्विंटल! हा आकडा मी गुरुवारी रात्री तिघांसमोर ठेवला, आणि त्यावर ते दहा रुपयांचं वाक्य आलं.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? भाजी सडली की घरातले माझ्याकडं बघतात. पाहुणी आली, फ्रीज उघडला आणि वास आला, तर लाज मला वाटायची. "बाईचं लक्ष नाही घरात." आणणारा वेगळा, खाणारे वेगळे, न खाणारेही वेगळे, आणि लक्ष ठेवायचं एकटीनं. मी तीन रात्री घराबाहेर राहिले तर एवढं नासलं. म्हणजे बाकी 362 दिवस ते का नासत नाही याचा कधी कुणी विचार केला का? ते आपोआप होत नाही. रोज रात्री झोपताना माझ्या डोक्यात यादी चालू असते. दुधी उद्या, वांगी परवा, पोकळा उद्याच, सायीचं परवा ताक करायचं. नोकरीचं काम संपतं, ही यादी संपत नाही.

मेथी मीच उपसली. कप्पा धुतला, मिठाच्या पाण्यानं पुसला. सहा सुतळ्या वेगळ्या काढून खिडकीच्या गजाला बांधल्यात. मुलानं विचारलं हे कशाला, तर म्हटलं राहू देत.

उद्या रविवार. बाजाराच्या पिशव्या मी माझ्या कपाटात ठेवल्यात आणि किल्ली माझ्याजवळ आहे. आधी ते चार ढबू, एक दोडका, अर्धा दुधी आणि डब्यातलं मूठभर मोड आलेलं कडधान्य संपणार. निवडायला आणि चिरायला तिघं बसणार. मी सांगेन कसं करायचं, पण हात लावणार नाही. ते संपलं की पिशव्या बाहेर येतील. त्याआधी वाटे फुकट मिळत असले तरी नाही.