ऑइल चिमटीत पारखून घ्यावे

मोटारीच्या इंजिनासाठी योग्य ग्रेडचे ऑइल निवडायचे असेल, तर प्रथम डॅशबोर्डच्या कप्प्यातील मॅन्युअल बाहेर काढावे, त्याखाली दडलेला पीयूसीचा कागद शोधावा आणि मॅन्युअल न उघडता पुन्हा जागेवर ठेवावे. ज्यांनी बेअरिंगमधली फट मायक्रॉनमध्ये मोजून त्या इंजिनासाठी ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल लिहून ठेवले, त्यांना आपल्याकडच्या उन्हाची काय कल्पना असणार? गाडी चाकणच्या कारखान्यात तयार झालेली असली, तरी हा प्रश्न विचारण्यास प्रत्यवाय नाही.

ऑइलची खरी परीक्षा चिमटीतच होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब घेऊन बोटे हळूच दूर न्यावीत. तार सुटली की माल उत्तम. एकतारी-दोनतारी पाकाची कसोटी लाडवांना लागू पडते, तर इंजिनाने असे कोणते घोडे मारले आहे? ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या ऑइलच्या दाटपणावरून ठरतो, आणि बेअरिंगमध्ये ते कसे टिकेल हे १५० अंशांना तपासले जाते, ही बारीकशी अडचण उरते. त्या तापमानाला बोट बुडवून पाहण्याचा आग्रह मात्र आम्ही धरणार नाही.

डब्ल्यू म्हणजे ‘वेट’, असे चारचौघांत ठामपणे सांगावे. कोणी ते अक्षर ‘विंटर’चे असल्याचे म्हणालाच, तर पुण्यात बर्फ कधी पडला होता, असे विचारून त्याला गप्प करावे. ५डब्ल्यूच्या ऑइलमध्ये थंड इंजिन फिरते की नाही हे उणे ३० अंशांना आणि २०डब्ल्यूच्या बाबतीत उणे १५ अंशांना पाहतात. नागपूरचा पारा काही तिथवर उतरत नाही. म्हणून आपल्या हवेत दोन्ही सारखीच धावतात, असा निष्कर्ष बेधडक काढावा. डिसेंबरातल्या पहाटे सेल्फ मारल्यावर घट्ट ऑइल वरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत चढेतोवर जी टकटक ऐकू येते, ती इंजिनाची भूपाळी समजावी. व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणाही याच ऑइलच्या दाबावर चालते, पण एवढ्या खोलात शिरू नये. मायलेज घटले, तर पेट्रोल पंपाला दोष देण्याची सोय आहेच.

सल्ला घ्यायचाच झाला, तर अनुभवी माणसाचा घ्यावा. प्रत्येक कुटुंबात असे एक काका असतात, ज्यांच्या अ‍ॅम्बॅसडरला २०डब्ल्यू-५० या जाड ऑइलशिवाय दुसरे काही मानवत नसे. त्या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले; तिचे ऑइल मात्र मतरूपाने अद्याप टिकून आहे, आणि ते कधी बदललेही गेलेले नाही.

१ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ या प्रदूषण-निकषाची डिझेल गाडी असेल, तर तिच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी त्यात जाळून टाकता येते. ऑइलमधल्या रसायनांची राख मात्र जळत नाही, साठत जाते, म्हणून त्या गाडीला कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते. आपण डब्यावरची किंमत तेवढी वाचावी. नवा फिल्टर कितीला पडतो, हे आधीच विचारून मनाला उगीच घोर लावून घेऊ नये.

ओतताना हात आखडता घेणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये पातळी राहावी हा नियम भिडस्तांसाठी आहे. आपण वरच्या खुणेच्याही वर जावे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा, अर्थात क्रँकशाफ्ट, ऑइलमध्ये बुडून ते डेऱ्यातल्या ताकासारखे घुसळू लागते आणि फेस कसा छान येतो. फेसाने बेअरिंगचे वंगण होत नाही, हा भाग वेगळा.

पुढे सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला, तर पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह-सील तपासण्याच्या भानगडीत न पडता त्याहून जाड ऑइल मागावे. तरीही भागले नाही, तर गाडी विकायला काढावी आणि जाहिरातीत आवर्जून नमूद करावे, की मॅन्युअल अगदी कोरे करकरीत आहे.